मोहीम, स्वारी, चढाई की कारवाई? वन्नीच्या लढाईसाठी शब्द हवा

बोरूबहाद्दर :
श्रीलंकेतल्या युद्धावरचा एक लेख मराठीत आणतोय आणि गाडी एका शब्दावर अडली आहे. मे १९९७ मध्ये तिथल्या सरकारी लष्कराने उत्तरेकडच्या वन्नी भागात मोठी हालचाल सुरू केली. वावुनियापासून किलिनोच्चीपर्यंतचा रस्ता वाघांच्या, म्हणजे 'लिट्टे' या तमिळ बंडखोर संघटनेच्या, ताब्यातून सोडवायचा, म्हणजे जाफन्याला जमिनीवरून रसद नेता येईल, असा बेत. दीड वर्ष रेटारेटी चालली, माणसं मेली, रस्ता काही पुरता मोकळा झाला नाही आणि डिसेंबर १९९८ मध्ये नाद सोडून दिला. याला मी 'वन्नीची मोहीम' लिहिलं. घरी वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, "लसीकरणाची का?" तेव्हापासून तो शब्द डोळ्यांत खुपतोय. दुसरं काय लिहू? आणि जाता जाता, 'गृहयुद्ध' की 'यादवी'?

कोशातली_वाळवी :
वहिनींचा कान चांगला आहे. 'मोहीम' मूळचा अरबी 'मुहिम्म', म्हणजे महत्त्वाचं काम. फारसीतून आपल्याकडे आला आणि घोड्यावर बसला. पेशवाईत दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं, पावसाच्या तोंडी परतायचं, नाही जमलं तर परमुलखातच छावणी करून पावसाळा काढायचा. घोडे गेले, शब्द राहिला. आता पोलिओची मोहीम, वृक्षलागवडीची मोहीम, सदस्यनोंदणीची मोहीम.

एकट्या मोहिमेचं असं झालेलं नाही. 'मोर्चा' म्हणजे किल्ल्यासमोर खणलेली, आडोसा केलेली जागा, तोफा डागायला. आज मोर्चा चालत जातो आणि निवेदन देतो. 'आघाडी' फौजेची होती, आता पक्षांची असते. लढाईची निम्मी भांडीकुंडी आपण रोजच्या संसारात वापरायला काढली आहेत. मग खरी लढाई लिहायची वेळ आली की कपाट रिकामं.

तरी 'मोहीम' चूक नाही. पहिल्यांदा येईल तिथे 'लष्करी' लावा, पुढे नुसतं चालेल.

ढालगज :
'स्वारी' मात्र नको. ती परमुलखावर होते, इथे लष्कर स्वतःच्याच देशात चाललंय. शिवाय आमच्याकडे 'स्वारी आज खुशीत दिसते' हे फक्त नवऱ्याबद्दल म्हणतात.

मी 'चढाई' म्हणेन. कबड्डीने हा शब्द जिवंत ठेवलाय, अर्थही स्वच्छ आहे : रेषा ओलांडून जायचं, गडी बाद करायचे, परत यायचं. वन्नीत चढाई करणारा मधल्या मैदानातच दीड वर्ष अडकला, ही गोष्ट वेगळी.

बोरूबहाद्दर :
तीच तर अडचण आहे. एकेका धडकेला 'चढाई' शोभते. एवढ्या लांबलचक प्रकरणाला म्हटलं की दम कोंडतो.

तंजावूरकर :
नमस्कार मंडळी. घरात मराठी, दारात तमिळ असा माझा संसार, म्हणून बोलतो. वाळवीदादा म्हणतात की मोहिमेवर गेलेला परत येतो किंवा छावणी करतो. आमच्या पूर्वजांची छावणी साडेतीनशे वर्षं उठलेली नाही! व्यंकोजीराजे आदिलशहाच्या वतीने तंजावुरास गेले आणि तिथेच राज्य करून राहिले. तेव्हा परतण्याची अट काढून टाका.

त्या लढाईची मूळ नावंही पाहा, अर्थ लावायला मजा येते. १९९७ च्या त्या कारवाईचं सिंहली नाव 'जय सिकुरुइ'. जय आपलाच, पुढचं म्हणजे नक्की, खात्रीचा. तिच्या आधी १९९५ मध्ये जाफना शहर घेतलं ती 'रिविरेस'. रिवि म्हणजे रवि, रेस म्हणजे रश्मी. सूर्यकिरण! समोरच्यांची नावं तमिळ : 'ओयाद अलैगळ', न थांबणाऱ्या लाटा. पहिल्या लाटेत १९९६ ला मुल्लैतीवूचा तळ गेला, दुसरीत १९९८ च्या सप्टेंबरात किलिनोच्ची. तिसरी नोव्हेंबर १९९९ ची. लष्कराने दीड वर्ष खपून जी जमीन घेतली होती ती वाघांनी काही दिवसांत परत घेतली. खात्रीच्या विजयाचं एवढंच झालं.

अजून एक. तुमच्या लेखात 'एलिफंट पास' येणारच, एप्रिल २००० मध्ये तो तळ पडला. त्याची कुणी 'हत्तीखिंड' केलेली मी वाचली आहे. तिथे डोंगर नाही हो. जाफना द्वीपकल्प आणि मुख्य बेट यांच्यामधली चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना उथळ खारं पाणी, मिठागरं. पूर्वी हत्ती तिथून चालवत पलीकडे नेत. तमिळमध्ये आनैयिरवु, सिंहलीत अलिमंकड.

ढालगज :
मग मराठीत 'उतार' आहे की! नदी जिथे पायी ओलांडता येते तो उतार. 'पुढे उतार आहे का' असं गाडीवान विचारायचे. हत्तीउतार.

बोरूबहाद्दर :
घेतला. पण आजचा वाचक उतार म्हणजे घसरण समजेल. आधी एलिफंट पास लिहून मग एकदा 'हा हत्तींचा उतार' असं सांगतो.

फौजीची_लेक :
मी शब्दांतली जाणकार नाही, घरातलं सांगते. बाबा महार रेजिमेंटमध्ये होते, भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेत गेले होते. त्यांनी कधी 'मोहीम' म्हटलं नाही, 'युद्ध' तर नाहीच. "मी पवनला होतो" एवढंच. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना घ्यायला आपली फौज उतरली त्याचं नाव पवन. त्याच वर्षी जूनमध्ये आपण विमानांतून धान्य टाकलं होतं, त्याचं नाव पूमालै, फुलांची माळ. माळेपासून वाऱ्यापर्यंत चार महिने लागले.

'शांतिसेना' या शब्दाचा बाबांना राग नव्हता, पण ते हसत. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, २५ नोव्हेंबर १९८७ ला शोध घेऊन परत येताना त्यांच्या तुकडीवर घात झाला. हातघाई झाली. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच पाडलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीरचक्र. मार्च १९९० पर्यंत आपले ११०० हून जास्त जवान तिथे मारले गेले. बाबा म्हणायचे, शांतता राखायला गेलेल्याला हातघाई हा शब्द माहीत असावा लागतो.

कोशातली_वाळवी :
ताई, 'हातघाई' लिहिलंत ते बरं केलंत, हल्ली तिथे 'समोरासमोरची चकमक' छापतात.

'कारवाई'बद्दल सांगायचं राहिलं. फेरीवाल्यांवर होते ती कारवाई. करणारा कायदेशीर आणि जिच्यावर होते ती बाजू आधीच दोषी, असा निकाल त्या शब्दातच लागलेला असतो. सरकारं म्हणूनच तो वापरतात. श्रीलंका सरकार तर पुढे गेलं. २००६ पासून मे २००९ पर्यंतच्या सगळ्या युद्धाला त्यांनी 'मानवतावादी कारवाई' म्हटलं. सुरुवात माविल आरूच्या पाटाच्या दारापासून झाली. वाघांनी दार बंद केलं, खालच्या शेतकऱ्यांचं पाणी तुटलं, ते उघडायला लष्कर निघालं. इथपर्यंत विशेषण ओढून ताणून बसतं. पण तेच विशेषण, युद्ध जिथे संपलं त्या मुल्लिवाय्क्कालच्या किनाऱ्यापर्यंत लावलं गेलं. शेवटच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत सामान्य माणसं मेली असू शकतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०११ मध्ये म्हटलं. 'मानवतावादी कारवाई'चं भाषांतर करताना अवतरणचिन्हं विसरू नका, बोरूबहाद्दर. तो शब्द सरकारचा आहे, तुमचा नव्हे.

ढालगज :
यादवीचं राहिलं. माझं मत 'यादवी'ला. 'गृहयुद्ध' हिंदीतून आल्यासारखा वाटतो.

कोशातली_वाळवी :
मला तो इथे पटत नाही. यादवी म्हणजे प्रभासतीर्थावर दारू पिऊन सात्यकी आणि कृतवर्मा भांडले, लव्हाळ्याची मुसळं झाली आणि एका कुळाने आपलंच कूळ संपवलं. मारणारा आणि मरणारा दोघे यादव. सिंहली सरकार आणि तमिळ वाघ हे एका कुळातले, असं लिहिलं तर दोन्हीकडचे अंगावर येतील.

यादवी हवीच असेल तर ती वाघांच्या बाजूला सापडेल. १९८६ मध्ये त्यांनी टेलो या दुसऱ्या तमिळ संघटनेची माणसं वेचून मारली. २००४ मध्ये पूर्वेकडचा त्यांचाच सेनापती करुणा फुटला आणि एकमेकांवर बंदुका रोखल्या गेल्या. ही खरी यादवी. बाकी सगळ्याला गृहयुद्ध म्हणा. हिंदीतून आला असेल, पण बसलाय.

तंजावूरकर :
बरोबर. एक शब्द मात्र कुणीच घेतला नाही. तुम्ही सगळे निघणाऱ्या फौजेच्या बाजूने शब्द शोधताय. जाफन्याचा माणूस १९९५ ला 'रिविरेस' म्हणत नाही, तो 'इडप्पेयर्वु' म्हणतो. इडम म्हणजे जागा, पेयर म्हणजे उखडणं, हलणं. फौज १७ ऑक्टोबरला निघाली, आपला दसरा होऊन पंधरवडा झाला होता. पण तिथलं ऋतुचक्र उलटं. दसऱ्यानंतर आपल्याकडे वाटा वाळतात, तिकडे ईशान्येचा पाऊस सुरू होतो. ३० ऑक्टोबरला वाघांनी शहर रिकामं करायला सांगितलं आणि त्या पावसात लाखो माणसं नावत्कुळीच्या पुलाकडे लोटली. सायकलवर गाठोडी, म्हातारे, कुणाच्या कुशीत कोंबडी. पूल अरुंद, पाऊल पुढे पडत नव्हतं. डिसेंबरच्या सुरुवातीला लष्कराने झेंडा लावला तेव्हा शहरात फारसं कुणी नव्हतं.

याला मराठीत काय म्हणाल? 'विस्थापन' धरणग्रस्तांच्या अर्जातला वाटतो.

फौजीची_लेक :
आमच्या आजीच्या तोंडी 'गाव उठलं' असं होतं. प्लेगात गाव उठलं. माणसं मेली असं नाही, घरं उभी आहेत, चुली गार.

तंजावूरकर :
हा. हाच.

बोरूबहाद्दर :
सर्वांचे आभार. आत्ता वाक्य असं केलंय : "गृहयुद्धाच्या चौदाव्या वर्षी लष्कराने वन्नीत लष्करी मोहीम काढली, दीड वर्षात चढाईमागून चढाई झाली आणि वाटेवरची गावं उठली." दोनदा 'लष्कर' आलंय, एक काढतो. संपादक 'गावं उठली'चं 'गावकरी जागे झाले' करणार नाहीत एवढं बघायला हवं. मागे एकदा त्यांनी 'पाऊस उघडला'चं 'पाऊस सुरू झाला' केलं होतं.