‘आर्किटेक्चर’ला मराठीत काय म्हणायचं? ‘स्थापत्य’ खोडलं गेलं

रानजाई :
एका मुक्त सॉफ्टवेअरचं डाउनलोडचं पान मराठीत करते आहे. वाक्य साधं आहे : आपल्या प्रोसेसरचं आर्किटेक्चर (म्हणजे त्याला कुठल्या आज्ञा कळतात ती मूळ रचना) बघून फाइल निवडा. खाली तीन बटणं, एक्स८६, एएमडी६४ आणि एआरएम६४. मी ‘स्थापत्य’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘संरचना’ केलं. शेवटी वाईच्या काकांना फोन लावला, ते दुकानाचा हिशेब लॅपटॉपवर ठेवतात. म्हणाले, “संरचना राहू दे गं. इथं एएमडी लिहिलंय आणि माझ्या लॅपटॉपवर इंटेलचं स्टिकर आहे. मग माझ्यासाठी यातलं कुठलं?” त्यांनी अंदाजाने एक्स८६ उतरवून घेतलं होतं. चालतंय, पण मोठी फाइल उघडली की बंद पडतं. त्यांना पहिल्या वाचनात कळेल असा शब्द हवाय.

गोदाकाठ :
काकांचा गोंधळ रास्त आहे. इंटेलचा ८०८६ आला १९७८ साली, मग ८०२८६, ८०३८६. सगळ्यांच्या शेपटीला ८६, म्हणून एक्स८६. या घराण्याला ६४ बिटांपर्यंत नेलं ते मात्र इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीने, २००३ मध्ये. पुढच्याच वर्षी इंटेलनेही तीच वाट धरली. म्हणून डेबियन या लिनक्समध्ये इंटेलवाल्यांच्या फाइलचंही नाव एएमडी६४. विंडोजवाले त्यालाच एक्स६४ म्हणतात. कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणायचो, तसंच हे. काकांना एएमडी६४ घ्यायला सांगा. एक्स८६च्या बटणाखालची फाइल ३२ बिटांची असते, आणि ३२ बिटांच्या प्रोग्रॅमला ४ जीबीच्या वर मेमरी मोजताच येत नाही, मोठी फाइल त्यामुळेच अडत असणार.
शब्द म्हणाल तर ‘घडण’.

शुद्धमती :
‘घडण’ चांगला. ‘प्रक्रियकाची घडण’ असं पूर्ण लिहा. प्रोसेसर कशाला ठेवायचा? महापौर आणि दिनांक हे सावरकरांचे शब्द आज कुणालाही जड वाटत नाहीत. वापरलेच नाहीत तर रुळणार कसे?

खरादी :
शुद्धमतीताई, प्रक्रियक आमच्या शॉपमध्ये कुणाला कळणार नाही. भोसरीत २२ वर्षं लेथवर काढली. आमच्याकडे याला नेमका शब्द आहे : आटा. अर्ध्या इंचाचे दोन बोल्ट घ्या, एक जुना ब्रिटिश व्हिटवर्थ, एक अमेरिकन यूएनसी. जाडी तीच. पहिल्याला इंचात १२ आटे, दुसऱ्याला १३. नट एखादा फेरा जातो आणि अडकतो. जोर केला की आटे गेले. एक्स६४ आणि एआरएम६४चं (एआरएम म्हणजे मोबाइलमध्ये असतं ते प्रोसेसरचं वेगळं घराणं) हेच आहे. दोन्ही ६४ बिट, आटे वेगळे. ‘तुमच्या प्रोसेसरच्या आट्याची फाइल घ्या’ असं लिहा, गावोगावचे फिटर दुवा देतील.

रानजाई :
खरादीदादा, उदाहरण फार आवडलं. पण आता पिठाच्या पाकिटांवरही ‘आटा’च असतो. काकांचं किराणा दुकान आहे, ते तेच वाचतील.

खरादी :
पाकिटावरच्या हिंदीसाठी आपण आपला आटा सोडायचा? मला हे पटत नाही.

गोदाकाठ :
आणि आटे जुळले नाहीत तर नट बसतच नाही. इथे तसं नाही. विंडोज ११ असलेल्या एआरएम लॅपटॉपवर एक्स६४चा प्रोग्रॅम चालतो, मध्ये अनुवाद होतो एवढंच. उलटं मात्र चालत नाही. ॲपलने २०२०मध्ये एआरएम घराण्यातली एम१ चिप आणली तेव्हा अशा अनुवादकाचं नावच रोझेटा २ ठेवलं, इजिप्तमधल्या त्या तीन लिप्यांच्या रोझेटा शिळेवरून. आपल्यासारख्यांना आनंद वाटावा असं नाव आहे.

तिफण :
आम्ही बियाणं घेताना आधी जमीन बघतो. हलकी की भारी, पाणी किती. मग वाण ठरतो. प्रोसेसर ही जमीन, फाइल हा वाण. ‘तुमच्या प्रोसेसरला चालणारा वाण निवडा.’ काकांना कळेल की नाही सांगा.

शुद्धमती :
पण आर्किटेक्चर जमिनीचं आहे, बियाण्याचं नाही. तुम्ही भलत्याच गोष्टीला नाव देताय.

तिफण :
माणूस दुकानात जमीन घ्यायला जात नाही, बियाणं घ्यायला जातो. बटण बियाण्याचं आहे. जमीन कुठली ते यंत्र स्वतः सांगतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, तिथे ‘सिस्टिम टाइप’ची ओळ वाचायची. मॅकवर ‘अबाउट धिस मॅक’मध्ये चिपचं नाव असतं.

मोहोर :
वाण मूळचा ‘वर्ण’वरून. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. रंगावरून प्रकाराकडे गेलेला शब्द आहे, इथे शोभतो. ‘जात’ कुणी सुचवली नाही याचं बरं वाटलं. आंब्याची जात ठीक, पण माणसाला ‘तुमची जात निवडा’ असं बटण दाखवू नये.

शुद्धमती :
संक्रांतीचं वाण वर्णावरून नाही, ते ‘वायन’वरून. आणि ते नपुंसकलिंगी आहे. तुम्ही ‘हा वाण’ लिहिलंत तर सुवासिनींना खटकेल.

तिफण :
ज्वारीचा वाण आम्ही पुल्लिंगीच बोलतो. आमच्याकडच्या कृषी पत्रिकांतही ‘हा वाण’ असंच छापतात.

रानजाई :
पान आज रात्री द्यायचं आहे. सध्या ‘तुमच्या प्रोसेसरला चालणारी फाइल’ असं लिहिते आणि बटणावर ‘इंटेल किंवा एएमडी, ६४ बिट’. आर्किटेक्चरची जागा अजून मोकळी आहे.

मोहोर :
आणि वाणसामान? तेही याच वाणातलं, नाना प्रकारचे जिन्नस म्हणून.

खरादी :
वाणसामान वाण्यावरून, वाणी वणिकावरून. आमची आजी यादी करताना ‘वाण्याचं सामान’च म्हणायची. रानजाई, काकांचंच दुकान आहे ना? त्यांना विचारा, वाईत काय म्हणतात.