नांदींमधलं बाई-बाईचं लग्न समलैंगिकतेच्या खात्यात मांडावं का?

खतावणी:
आफ्रिकेतल्या लैंगिकतेवरचा कुठलाही लेख उघडा, केनियातल्या नांदी जमातीचं उदाहरण ठरलेलं. बाईने बाईशी लग्न केलं, म्हणजे समलैंगिक विवाह तिथे इंग्रजांच्या आधीपासूनच होता! माझं म्हणणं, हे उदाहरण त्या यादीतून काढा.

व्यवहार असा. अनेक बायकांच्या कुटुंबात प्रत्येकीचं 'घर' वेगळं धरतात आणि त्या घराच्या वाट्याची गुरं-जमीन तिच्याच मुलग्यांना जाते. मुलगा नसला तर वाटा सवतीच्या मुलांकडे नाहीतर दिरांकडे सरकणार. ते टाळायला मूल होण्याचं वय उलटलेली बाई स्वतः गुरं देऊन देज, म्हणजे वधूमूल्य, भरते आणि तरुण मुलीशी लग्न लावते. तेव्हापासून ती नवरा. बायकोला मुलं दुसऱ्या पुरुषापासून होतात, पण त्याचा त्यांच्यावर हक्क नाही; बापाच्या जागी ही बाई. नवरा झालेल्या या बाईने पुढे पुरुषांशी संबंध ठेवू नयेत अशी अपेक्षा असते, कारण तिलाच मूल झालं तर वारसाचा सगळा घोळ.

मानववंशशास्त्रज्ञ रेजिन स्मिथ ओबोलर यांनी १९८० साली हे मांडलं. त्यांचा कळीचा मुद्दा: ती 'पुरुष' आहे हा आग्रह लोक वारसा-मालमत्तेपुरताच जोरात धरतात. रोजच्या वागण्यात ती बरीचशी बाईच राहते. यात शेज, म्हणजे दोघींचा शरीरसंबंध, आली कुठून?

तिरपांगडा:
म्हणजे आपल्याकडच्या नियोगासारखंच की.

खतावणी:
नाही. नियोगात मूल नवऱ्याच्या नावावर लागतं. इथे नवरा ही बाईच आहे. देज तिने भरलं, बायको तिची.

उलटतपासणी:
शेज कुठून आली म्हणता, पण तो प्रश्न विचारला किती जणांनी? गुरांबद्दल विचारलं, गुरांबद्दल उत्तर मिळालं.

मानववंशशास्त्रातली शांतता फार विश्वासाची नसते. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड मध्य आफ्रिकेतल्या अझांदे लोकांमध्ये राहिले १९२०च्या दशकात. चेटकावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं १९३७ला. राजदरबारचे तरुण योद्धे मुलाच्या आईबापांना भाले देऊन त्याला 'बायको' करून घेत आणि तोच मुलगा मोठा होऊन योद्धा झाला की आपली 'बायको' करी, हे सविस्तर छापलं १९७० साली. मधली तीस-पस्तीस वर्षं फक्त ते पुस्तक वाचणाऱ्याला वाटलं असेल, अझांदेंमध्ये असलं काही नव्हतंच.

शिवाय पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमीच्या बाई-विवाहांवर लिहिताना मानववंशशास्त्रज्ञ हर्स्कोवित्स यांनी १९३७लाच सुचवलं होतं, की काही जोडप्यांत शारीरिक संबंधही असू शकतील.

खतावणी:
असू शकतील! तो तर्क होता, निरीक्षण नव्हे. आयलीन क्रीग यांनी १९७४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या लोवेदू लोकांच्या आधाराने तो खोडला. आणि मानववंशशास्त्रज्ञ इफी अमादिउमे स्वतः नायजेरियातल्या इग्बो. १९८७च्या पुस्तकात त्यांनी बजावलं, की पाश्चात्त्य स्त्रियांनी आपल्या समलैंगिकतेला आधार म्हणून ही लग्नं वापरली तर ते न्नोबी या इग्बो गावच्या बायकांना धक्कादायक आणि अपमानास्पद वाटेल. घरच्या माणसाचं तरी ऐकाल?

उलटतपासणी:
ऐकतो, पण कुठल्या काळातल्या घरच्यांचं? मिशनऱ्यांची दोन-तीन पिढ्यांची शाळा आणि इंग्रजी दंडविधान पचवल्यावर 'आमच्यात असलं नाही' हे उत्तर येणारच. केनियाच्या दंडसंहितेतलं कलम १६२ वाचा. 'निसर्गक्रमाविरुद्ध' हे शब्द आपल्या १८६०च्या दंडसंहितेतल्या कलम ३७७मधलेच. आपल्याकडे २०१८ साली संमतीच्या संबंधांपुरतं ते निकामी झालं, तिथे २०१९ला उच्च न्यायालयाने कायम ठेवलं.

मोजपट्टी:
दोघंही एकाच रकान्यासाठी भांडताय. नोंदवहीत 'विवाहप्रकार: समलिंगी' असा एकच रकाना केला की हे होणारच. वेगवेगळे ठेवा: देज कोणी दिलं, विधीत नवऱ्याची जागा कोणाची, मुलं कोणाच्या कुळात, जनक कोणी निवडला, शारीरिक संबंध कोणाकोणाचे. शेवटच्या रकान्यात 'नाही' आणि 'विचारलं नाही' यांना वेगळी खूण हवीच. जुनी टिपणं आकडेवारीत उतरवताना रिकामी जागा सर्रास 'नाही' म्हणून चढते. निम्मा वाद तिथे जन्मतो.

विचारण्याचा क्रमही महत्त्वाचा. दुभाषा गावचा मास्तर किंवा चर्चमधला माणूस असेल तर पाचवा प्रश्न विचारूच नका, उत्तर आधीच ठरलेलं असतं. नवरा-बाई आणि बायको यांना वेगळं भेटा. थोरलीसमोर धाकटी बोलत नाही. सुरुवात गुरांपासून, मग घराचा नकाशा काढा: झोपड्या किती, चूल कोणाची, कोण कुठे निजतं. त्यातून पुष्कळ कळतं, आणि जे कळत नाही ते तसंच लिहा.

तुलनेला दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम घ्या. राजधानी पारामारिबोतल्या आफ्रिकी वंशाच्या कष्टकरी बायकांमधलं 'माती' नातं मानववंशशास्त्रज्ञ ग्लोरिया वेकर यांनी नोंदवलं. पुरुषांपासून मुलं, आणि बरोबरीने किंवा आलटून-पालटून बाईशी प्रेमाचे-शरीराचे संबंध. बायका त्याचा उलगडा विंती या आफ्रिकी मुळाच्या धर्मातून करतात: अंगात 'आपुकू' हा पुरुषदेव असला की त्याला बाईची ओढ. इथे शेज आहे, पण लग्न नाही. नांदींकडे लग्न आहे, शेजेची नोंद नाही. एका रकान्यात दोन्ही कोंबाल तर दोन्ही बिघडतील.

तिरपांगडा:
रकाने ठीक, पण कोर्टाचं काय? २०११ साली मोंबासाच्या उच्च न्यायालयाने नांदी रिवाज मानून मृत नवरा-बाईच्या बायकोला वारस ठरवलं. केनियाची २०१०ची राज्यघटना, कलम ४५, विवाहाचा हक्क भिन्नलिंगी व्यक्तीशी असं म्हणते. नायजेरियात १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने असंच लग्न वैध धरलं, पण कशाच्या जोरावर? त्या बाईने मुलगी स्वतःसाठी नव्हे, आपल्या नवऱ्यासाठी आणली होती म्हणून. उद्या दिराच्या वकिलाने तुमचा 'समलिंगी विवाह' असा शिक्का मारलेला लेख पुढे केला, तर जमीन त्या विधवेची जाईल. तुमची नाही.

उलटतपासणी:
मग भावकीच्या वकिलाला घाबरून संशोधकाने गप्प बसायचं? अझांदेंच्या बाबतीत तेच झालं होतं.

खतावणी:
गप्प नको, शिक्का नको. मोजपट्टींचे रकाने मला मान्य, शेवटच्यात 'विचारलं नाही' लिहिलेलं चालेल. पण तोवर ते उदाहरण यादीत ठेवायचंही कारण नाही.

उलटतपासणी:
काढायचंही नाही. 'विचारलं नाही' दोन्ही बाजूंना लागू.