१९५२ चं बेसबॉल कार्ड खरं की पुनर्मुद्रित? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राहतो न्यू जर्सीत. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, लेक मात्र वेडा आहे. गेल्या शनिवारी गल्लीतल्या एका आजींच्या गराज सेलमधून त्याने बुटांचं एक खोकं उचललं, वीस डॉलरना. आत दोनेकशे बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली. बरीचशी १९८८ ते ९० ची. त्या काळात ती इतकी छापली की आता कोणी ढुंकून बघत नाही, एवढं एव्हाना समजलंय. पण तळाशी रबरबँडने बांधलेली तीसेक कार्डं आकाराने मोठी निघाली. सगळ्यात वर ब्रुकलिन डॉजर्स संघाचा खेळाडू अँडी पॅफ्को. मागे नंबर १.

शोधाशोध केली आणि झोप उडाली. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या ४०७ कार्डांच्या संचातलं हे पहिलं. त्याच संचातलं ३११ नंबरचं, मिकी मँटल या खेळाडूचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं! (आमच्याकडे मँटल नाही. ८० नंबरच्या पुढचं एकही नाही. तीनदा बघितलं.)

आता अडचण. रबरबँड वितळून पॅफ्कोच्या छातीवर तपकिरी पट्टा होऊन बसलाय, दोन्ही कडांना खाच पडलीय. तो खरवडावा का? आणि मुळात हे खरं कसं ओळखायचं? १९८३ मध्ये टॉप्सनेच हा संच पुन्हा छापला होता म्हणे. आपली धाव बिग फनच्या च्युइंगगममधल्या क्रिकेटच्या चित्रांपर्यंत, त्यामुळे अडाणी प्रश्न वाटला तर माफ करा.

आणखी एक. बायको म्हणते आजींना सांग. लेक म्हणतो, बाबा, व्यवहार झाला.

प्रतिसाद १
आधी तो हात कार्डावरून काढा! खरवडणं, खोडरबर, ओलं फडकं, काहीही नको. ग्रेडिंगवाले (कार्ड तपासून त्याच्या अवस्थेला आकडा देणाऱ्या कंपन्या) मळलेलं कार्ड कमी आकड्यावर का होईना स्वीकारतात. कडा कापलेलं किंवा रंग भरलेलं दिसलं तर आकडाच देत नाहीत.

पट्टी घ्या. १९५२ चं कार्ड पावणेचार इंच उंच असतं, १९८३ चं साडेतीन. शिवाय त्यावर मागे पुनर्मुद्रण असल्याचं छापलेलं असतं. पहिल्या ८० कार्डांची पाठ लाल किंवा काळी, दोन्ही खऱ्या. मात्र इतरांनी छापलेल्या नकलाही फिरतात, तेव्हा भिंगाखाली अक्षरं बघा. ती सलग शाईची हवीत, ठिपक्याठिपक्यांची दिसली तर संशय घ्या.

आणि त्या खाचेचं वाईट वाटून घेऊ नका. पोरं कार्डं नंबराने लावून रबरबँड घालायची, सगळा मार एक नंबरवाल्या पॅफ्कोने खाल्ला. म्हणून तर चांगल्या अवस्थेतला पॅफ्को एवढा महाग. तुमचा तेवढ्याला जाणार नाही, पण ग्रेडिंगचा खर्च नक्की सुटेल. बाकीची पाठवू नका, नुसत्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला.

प्रतिसाद २
वहिनी बरोबर बोलतायत.

धागाकर्ता
मोजलं. पावणेचार! पाठ लाल, अक्षरं सलग. उद्या संध्याकाळी खोकं घेऊन आजींकडे जातोय. लेक सकाळपासून बोलत नाहीये.