आईचं थायरॉइडचं ऑपरेशन: हार्मोनिक की साधी पद्धत?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. आई 54 वर्षांची आहे. गळ्यातली गाठ सात-आठ वर्षांपासूनची, पण दुखत नव्हती म्हणून तिनं कुणाला सांगितलंच नाही. गेल्या दिवाळीत कोल्हापुरी साज घातला तर त्याची पानं गाठीवर चढून तिरकी बसायला लागली, तेव्हा आमच्या लक्षात आलं. आता उताणं झोपलं की तिचा श्वास अडकतो. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी झाली. कॅन्सर निघाला नाही, पण दोन्ही बाजूंना बऱ्याच गाठी आहेत आणि श्वासनलिका डावीकडं सरकली आहे. पूर्ण ग्रंथी काढावी लागणार.

सर्जन म्हणाले, नेहमीसारखं दोऱ्यानं बांधून करता येईल, नाहीतर हार्मोनिक नावाच्या यंत्रानं, त्याचे 22 हजार वेगळे. आई गल्लीतल्या भजनी मंडळात गाते. तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, "माझा आवाज राहील न्हवं?" जास्त पैसे भरले तर आवाजाची नस जास्त सुरक्षित राहते का? तसं असेल तर आम्ही पैसे उभे करू.

पंचगंगा७
दादा, माझ्या काकांचं जुन्याच पद्धतीनं झालं, ठणठणीत आहेत. मशीनच्या नादाला लागू नका. ते 22 हजार पुढच्या औषधपाण्याला ठेवा.

निवृत्त ओटी सिस्टर
मी 27 वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, दोन्ही पद्धतींत ट्रॉलीपाशी उभी राहिले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थायरॉइड म्हणजे रक्तानं भरलेली ग्रंथी. साध्या पद्धतीत प्रत्येक रक्तवाहिनीला दोन चिमटे लावायचे, मध्ये कापायचं आणि दोन्ही टोकं बांधायची. मी दोरे आधीच कापून, चिमट्यांत अडकवून ओळीनं लावून ठेवायची. सर्जनचा हात पुढं आला की त्यांनी मागायच्या आत तळहातावर चिमटा. एका मोठ्या केसला पन्नासच्या वर गाठी मारलेल्या मी मोजल्या आहेत. ही पद्धत मागासलेली मुळीच नाही. स्वित्झर्लंडच्या कोकर यांनी अशाच काटेकोर बांधणीनं थायरॉइडची शस्त्रक्रिया सुरक्षित केली आणि 1909 साली त्यांना नोबेल मिळालं. आजही ट्रॉलीवर त्यांच्या नावाचा चिमटा असतो.

हार्मोनिकचं पातं सेकंदाला साधारण 55 हजार वेळा थरथरतं. त्या घर्षणानं रक्तवाहिनी चिकटून बंद होते आणि तिथंच कापली जाते, साधारण 5 मिलिमीटर जाडीपर्यंतची. विजेनं जाळून रक्त थांबवणाऱ्या कॉटरीसारखा करंट पेशंटच्या अंगातून जात नाही. पायडल दाबलं की बारीक सूर येतो, पांढरी वाफ निघते, संपलं. गाठी मारायचा वेळ वाचतो, पूर्ण थायरॉइडला 20 ते 30 मिनिटं सहज, आणि रक्तही थोडं कमी जातं.

आता तुमचा खरा प्रश्न. आवाजाची नस आणि कॅल्शियमच्या ग्रंथी (थायरॉइडला लागून असलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथी) यांच्या बाबतीत दोन्ही पद्धतींत म्हणावा असा फरक नाही. ती नस यंत्र वाचवत नाही, सर्जन ती शोधून, डोळ्यांनी बघून वाचवतो. उलट हार्मोनिकचं टोक बंद केल्यावरही काही वेळ तापलेलं असतं. आमचे एक सर दर थोड्या वेळानं ते सलाइनच्या वाटीत बुडवायचे, चुर्र आवाज यायचा. नसेजवळ आले की हार्मोनिक खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, बारीक दोरा." चांगला सर्जन एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही वापरतो.

आई गातात हे सर्जनना आवर्जून सांगा. ग्रंथीच्या वरच्या टोकाशी आणखी एक बारीक नस असते, तिला धक्का लागला तर बोलणं नीट राहतं पण वरचा सूर लागत नाही. ऑपरेशनआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. वर्षाला किती थायरॉइड करता, हेही विचारा, त्यात संकोच नको. आणि हँडपीस, म्हणजे हार्मोनिकचा हातात धरायचा पात्याचा भाग, नवा की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेला? कंपनी तो एकदाच वापरायचा म्हणून विकते. फार वापरला की जबड्यातलं पांढरं पॅड झिजतं, पकड सैल होते. 22 हजार कशाचे, हे कळायलाच हवं.

पंचगंगा७, काका बरे आहेत हे वाचून आनंद झाला, पण मशीन वाईट म्हणू नका. मोठ्या गाठीत भुलेची तीस मिनिटं वाचणं ही छोटी गोष्ट नाही.

एक मात्र विसरू नका. पद्धत कुठलीही असो, पहिली रात्र जागी राहून काढा. गळा फुगला, आवळल्यासारखं वाटलं, पेशंट बेचैन झाला तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा. आत रक्त साठलं तर श्वासनलिका दाबली जाते. आम्ही त्यासाठी टाके उघडायचा ट्रे पलंगाशीच ठेवायचो.

गडहिंग्लजची सुनबाई
माझं 2014 ला दोऱ्याच्या पद्धतीनं झालं. आवाज महिनाभर घोगरा होता, मग आला. पण तिसऱ्या दिवशी ओठाभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या, हातातला चहाचा कप धरवेना. मला वाटलं अशक्तपणा. कॅल्शियम उतरलं होतं. असं झालं तर वाट बघू नका हो, लगेच फोन करा. आणि थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर 4 तासांनी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, दोन्ही एकदमच घेत होते.

रंकाळाकाठ
सिस्टर, ताई, मनापासून आभार. काल सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले. सर्जननी एकेकाचं शांतपणे उत्तर दिलं. हँडपीस नवा असेल, नसेजवळ दोराच वापरणार. गाठ मोठी आहे म्हणून आम्ही हार्मोनिकला हो म्हटलं. स्वरयंत्राची तपासणी झाली, दोन्ही पट्ट्या नीट हलतात. नंतर तुलना करता यावी म्हणून डॉक्टरांनी आईला गायला सांगितलं. तिनं पदर सावरला, डोळे मिटले आणि केबिनमध्येच अभंग म्हटला. त्यांनी तो फोनवर रेकॉर्ड करून घेतला. बुधवारी दाखल करतोय.

निवृत्त ओटी सिस्टर
रात्री कोण थांबणार ते आजच ठरवा. उशीला जरा उंची ठेवा, आणि गळा सतत दिसेल असा पदर ठेवा.