बारावी कॉमर्स झाली, आता बी.कॉम. कशाला?

पंचगंगाकाठ

मंडळी, भाचा करवीर तालुक्यातला. बारावी कॉमर्स, ५८ टक्के. घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते जवळच्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घाल, चार माणसांत ग्रॅज्युएट म्हणून सांगता येईल. दाजी म्हणतात आयटीआयला मशिनिस्ट कर, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम मिळतंय. मी दाजींच्या बाजूचा.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. त्यात महिन्याचं विद्यावेतन बारावी पासला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. आयटीआयवाल्याच्या वर फक्त दोन हजार! सरकारच डिग्रीची एवढीच किंमत करत असेल तर आपण तीन वर्षं आणि बापाचा पैसा का घालवायचा? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा भारतावरचा २०२४ चा अहवालही काढून बघा. २०२२ मध्ये तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४. पटत नसेल तर खोडून काढा.

हिशेबी_माणूस

खोडतो. निरक्षर माणसाला बेरोजगार राहणं परवडतच नाही हो. तो ऊसतोडीला जातो, सेंट्रिंगवर जातो, मिळेल ते करतो. पदवीधर पोरगा घरच्यांच्या जिवावर दोन-तीन वर्षं जाहिरातीची वाट बघू शकतो, म्हणून तो त्या आकड्यात दिसतो. त्यावरून डिग्रीमुळे नोकरी जाते असं कसं काढलंत?

आणि दारं मोजा. राज्यसेवा, फौजदारकी, तलाठी, बँकेतला क्लार्क, सगळीकडे पदवी लागते. बारावीवर पोलीस शिपाई भरती आहे, स्टाफ सिलेक्शनची एक परीक्षा आहे, सैन्यात अग्निवीर आहे. अग्निवीरचं तर चार वर्षांनी चारातल्या एकालाच पुढे ठेवणार. विशीत हे दार लावून घेतलं तर तिशीत ठोठावत बसावं लागतं.

पंचगंगाकाठ

दार उघडं आहे, पण आत जागा किती? पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेची फी भरत तिशी गाठलेली पोरं तुम्हीही बघितली असतील.

शिरोलीकर

मी जॉब वर्कचं छोटं युनिट चालवतो, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग. पंचगंगाकाठ, तुमच्या बाजूने बोलायला आलोय, पण थोडं कडू बोलणार.

आयटीआय झाला की हमखास काम, हे खरं नाही. माझ्याकडे पोरगा आला की मी सर्टिफिकेट बाजूला ठेवतो. हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकपट्टी, देतो, एक बोअर, म्हणजे कास्टिंगमधलं गोल भोक, देतो, म्हणतो माप सांग. कित्येकांना मुख्य पट्टीवरचा आकडा वाचता येतो, व्हर्नियरची रेघ कुठे जुळली ते कळत नाही. दोन वर्षं मशिनिस्ट शिकून! यात सगळा दोष पोरांचा नाही. अजून काही ठिकाणी जुन्या लेथवर शिकवतात आणि सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, फळ्यावर.

कामाला लागल्यावर खरा फाटा फुटतो. ऑपरेटर काय करतो? मशीनचं दार उघडायचं, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिक्स्चरच्या साच्यात बसवायचा, क्लॅम्प आवळायचा, सायकल स्टार्ट. सायकल संपली की हवा मारून चिप काढायची, पुढचा जॉब. हे काम बी.कॉम. झालेलाही चार दिवसांत शिकतो, म्हणून त्याला पगार तेवढाच. सेटर वेगळा. इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी धार, झिजला की तो आवाजावरून ओळखतो, टूल बदलून ऑफसेट मारतो, म्हणजे मशीनला नव्या टूलचं माप देतो, पहिला जॉब काढून मापतो, पास झाला तरच लॉट सोडतो. चांगला सेटर शेजारचा युनिटवाला पळवून नेतो, मीही नेलेत. पण सेटर व्हायला कोणीतरी शिकवावं लागतं आणि पोराने चहाच्या सुट्टीत मोबाईल खिशात ठेवावा लागतो. बऱ्याच कंपन्यांत कंत्राटदाराकडून पोरं घेतात, सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात आणि पुन्हा नव्याने ऑपरेटर. त्या चक्रात पाच वर्षं गेली तर तुमचा भाचा मला डिग्रीवाल्यांइतकाच रिकामा भेटेल.

लेक_गडहिंग्लजची

ही सगळी चर्चा मुलग्यांची चाललीय म्हणून मध्ये पडते. माझं नाव बी.ए.ला नसतं तर बारावीच्या त्याच उन्हाळ्यात बघायला पाहुणे आले असते. डिग्रीने मला लगेच नोकरी दिली नाही, मान्य. पण त्या तीन वर्षांत एकटीने एसटीने ये-जा केली, स्कॉलरशिपसाठी बँकेत भांडले, एनएसएसच्या कॅम्पला घराबाहेर राहिले. ‘शिकतेय ती अजून’ हे एक वाक्य आईला पाहुण्यांपुढे ढाल म्हणून पुरलं. तुमच्या विद्यावेतनाच्या तक्त्यात हे कुठे मांडणार?

पंचगंगाकाठ

ताई, हे मान्य. पण मग मुलींसाठी तरी बी.ए.च का? ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे.

लेक_गडहिंग्लजची

फी माफ आहे, हॉस्टेल आणि मेस नाही. शिवाय मुलीला कोल्हापूर-पुण्याला ठेवायला घरचे तयार हवेत. गावाजवळचं आर्ट्स कॉलेज म्हणून तर चालतं.

सीएचबीवाला

कॉलेजात कॉमर्स शिकवतो, तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी. प्राध्यापकीची नेट परीक्षा झालीय, मानधन कधी दिवाळीनंतर, कधी शिमग्याला. त्यामुळे ‘शिका, नोकरी लागेल’ हे माझ्या तोंडी शोभत नाही, ते राहू दे.

आमच्या वर्गात पटावर शंभरावर नावं, जुलै सरला की पुढचे दोन बाक भरतात. बाकीचे परीक्षेच्या आठवड्यात गाईड घेऊन उगवतात. तुमचा भाचा त्यांच्यातला होणार असेल तर दाजी बरोबर आहेत. पण त्या दोन बाकांवरची पोरं दुसऱ्या वर्षी कर सल्लागाराच्या ऑफिसात बसतात, जीएसटीचं रिटर्न भरतात, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकलेली एंट्री शोधतात. शिरोलीकरांच्या युनिटची बिलंही असाच कोणीतरी सांभाळत असेल. नव्या शैक्षणिक धोरणात मध्येच बाहेर पडायची सोय आहे, एका वर्षावर सर्टिफिकेट, दोनवर डिप्लोमा.

शिरोलीकर

सांभाळतो ना, आणि त्याला मी सेटरपेक्षा कमी देतो. आणि सर, एका वर्षाचं ते सर्टिफिकेट घेऊन माझ्याकडे अजून कोणी आलेलं नाही. आलं तर त्याला काय काम द्यायचं तेही सांगा.

पंचगंगाकाठ

मधला रस्ता सांगतो. आधी आयटीआय, मग अप्रेंटिस, आणि कामाला लागला की नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. ते विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे, डिग्री एमपीएससीला चालते. हिशेबी_माणूस, तुमचं दारही उघडं राहिलं.

हिशेबी_माणूस

कागदावर झकास. तीन पाळ्या आणि ओव्हरटाइम करून पुस्तक उघडणारे किती? बहुतेकांचं दुसऱ्या वर्षाला बंद पडतं.

शिरोलीकर

माझ्याकडे एक आहे, रात्रपाळी मागून घेतो. बाकीच्यांचं तुमचं बरोबर. पंचगंगाकाठ, प्रवेशाआधी भाच्याला पंधरा दिवस माझ्याकडे पाठवा. पैसे देणार नाही, मशीनला हातही लावू देणार नाही, नुसतं उभं करून मापायला लावतो. कंटाळला तर तुम्हालाच कळेल.

पंचगंगाकाठ

पाठवतो. आयटीआयचा प्रवेश दहावीच्या मार्कांवर, आणि दहावीला त्याला ७१ होते, त्यामुळे फॉर्म भरतोच. ताईसाठी बी.कॉम.चीही फी भरून नाव लावून ठेवतोय.

सीएचबीवाला

लावा, लावा. आमच्या पटावरची शंभर नावं अशीच तर होतात.