प्रतिसाद: गीतरामायण आणि १ एप्रिल

१ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं, म्हणजे रामकथेवरच्या साप्ताहिक गीतमालिकेचं, पहिलं गीत, ही मी ज्या लेखाला उत्तर देतोय त्यातली नोंद अगदी बरोबर. पण त्यातलंच 'छप्पन्नही गाणी बाबूजींच्याच (संगीतकार-गायक सुधीर फडके यांच्याच) आवाजात' हे पटत नाही. ते नंतरच्या ध्वनिमुद्रिकांचं. मूळ प्रसारणात पात्रांप्रमाणे आवाज होते. रामाची गाणी बाबूजींची, सीतेसाठी माणिक वर्मा, शिवाय ललिता फडके, वसंतराव देशपांडे. आणि आठवड्याला एक गाणं, तर वर्षाची बावन्न होण्याऐवजी छप्पन्न गाणी का? त्या वर्षी अधिकमास होता!

आमची आजी तेव्हा शनिवार पेठेत राहायची. वाड्यात रेडिओ एकच, मालकांकडे. शुक्रवारी सकाळी ती अंघोळ उरकून तिथे जाऊन बसायची. बाबूजींवर तिचा फार जीव, तरी शेवटपर्यंत म्हणायची, "सीता ऐकावी ती माणिकबाईंचीच." मलाही तसंच वाटतं.