मदत हवी आहे : पीएस५ की सीरीज एक्स? एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायचंय

मंडळी, गेमिंग कन्सोल घ्यायचंय आणि सोनीचं प्लेस्टेशन ५ (पीएस५) की मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स सीरीज एक्स, हा निर्णय होत नाहीये. खेळणारे दोघे, मी आणि धाकटी बहीण. मला लांबलचक कथेचे आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम्स) आवडतात, तिला शेजारी बसून जोडीनं खेळायला. त्यामुळे स्प्लिट-स्क्रीन (एकच पडदा दोघांत विभागून खेळणं) कसं चालतं हे आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

कागदावर सीरीज एक्स वरचढ: ग्राफिक्सची ताकद १२ टेराफ्लॉप्स, पीएस५चे १०.२८. पण पीएस५ची एसएसडी (गेम साठवणारी ड्राइव्ह) सेकंदाला ५.५ जीबी वाचते, एक्सबॉक्सची २.४. प्रत्यक्षात दोन्हींवर आलेल्या गेम्सचे तुलनेचे व्हिडिओ बघितले की बहुतेक वेळा फरक शोधत बसावं लागतं. एल्डन रिंग तर दोन्हीकडे सेकंदाला ६० फ्रेम्स सलग टिकवत नाही, आणि पीएस५वर त्याचीच पीएस४ आवृत्ती जास्त स्थिर चालते! म्हणून नुसत्या आकड्यांवर माझा भरवसा उरलेला नाही.

आमचा खरा गेम म्हणजे बाल्डर्स गेट ३. पीएस५वर तो सप्टेंबर २०२३मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये. उशीर झाला तो एक्सबॉक्सच्याच स्वस्त सीरीज एसमुळे. तिची मेमरी १० जीबी, एक्सची १६. स्प्लिट-स्क्रीनमध्ये एक जण तळघरात आणि दुसरा बाजारात असला, तर दोन्ही जागा एकाच वेळी मेमरीत धरून ठेवाव्या लागतात. शेवटी एसवर तो स्प्लिट-स्क्रीनशिवायच आला, आणि ती सोय मिळाली थेट एप्रिल २०२५च्या पॅच ८ या अपडेटमध्ये. स्वस्त पडली तरी एस मी यादीतून काढली आहे. पुढच्या गेम्सनाही हाच अडसर येणार असं मला वाटतं.

एक्सक्लुझिव्हचं (एकाच कंपनीच्या कन्सोलवर मिळणाऱ्या गेम्सचं) पारडं मला पीएस५कडे झुकलेलं दिसतं. स्पायडर-मॅन २ आणि अ‍ॅस्ट्रो बॉट एक्सबॉक्सवर नाहीत. उलट फोर्झा होरायझन ५ आणि इंडियाना जोन्स २०२५मध्ये पीएस५वरही आले. मग एक्सबॉक्स कशासाठी घ्यायचा? माझ्याकडे एक कारण आहे. घरात जुन्या एक्सबॉक्स ३६०च्या बऱ्याच डिस्क्स आहेत. त्यांतल्या ज्या मायक्रोसॉफ्टच्या सुसंगत गेम्सच्या यादीत आहेत त्या एक्सवर चालतील. पीएस५ पीएस३ची डिस्कसुद्धा घेत नाही. ते जुने गेम्स आम्ही अजूनही मनापासून खेळतो, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी छोटा नाही.

बहिणीचं मन निन्टेंडोच्या स्विच २ कन्सोलवर आहे. जॉय-कॉन (त्याचे दोन छोटे कंट्रोलर) सुटे करून लगेच दोघांना खेळता येतं, मारिओ कार्ट वर्ल्ड आहे, झेल्डा आता ६० फ्रेम्सला चालतो. मोह होतो, पण मोठे आरपीजी तिथे उशिरा येतात किंवा येतच नाहीत, म्हणून पहिलं कन्सोल म्हणून मला ते नको.

ज्यांनी बाल्डर्स गेट ३ दोघांनी खेळलाय त्यांना विचारायचंय: तिसऱ्या अंकात शहरात शिरल्यावर पीएस५ आणि एक्स यांपैकी कुठे कमी अडखळतं? टीव्हीला व्हीआरआर (गेमच्या फ्रेम्सप्रमाणे पडद्याचा वेग बदलायची सोय) आहे, त्यानं स्प्लिट-स्क्रीनमध्ये खरंच फरक पडतो का? पीएस५ प्रो घेतलेल्यांनीही सांगा, या एका गेमसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? आणि ३६०च्या डिस्क्स एक्सवर नियमित खेळणारं कोणी असेल तर तुमचा अनुभव जरूर लिहा.